गोव्यात एम, लेहमध्ये डी

३१ ऑक्टोबर २०२३ला गोव्यात, दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर, नौदलाने आपल्या इल्युशिन-३८ विमानांना निरोप दिला. १९७७च्या ऑक्टोबरमध्ये ती इथे दाखल झाली होती. ४६ वर्षं त्यांनी समुद्रावर घिरट्या घालत पाणबुड्या आणि जहाजं शोधली. त्या काळात तिकडे उत्तरेत, चंडीगडहून, हवाई दलाची अँतोनोव्ह-३२ विमानं लडाखकडे रसद नेत होती आणि अजूनही नेतात. एक विमान खाऱ्या वाऱ्यातलं, दुसरं बर्फातलं. एकाला चार इंजिनं, दुसऱ्याला दोन. दोघांना शेजारी उभं केलं तर कुणी नातेवाईक म्हणणार नाही.

पण दोघांच्या पंखांवरचं इंजिन एकाच घराण्यातलं आहे. त्याचं नाव एआय-२०. इल्युशिनवर एआय-२०एम, अँतोनोव्हवर एआय-२०डी, पाचवी मालिका. कुठलाही तक्ता उघडा, फरक एका ओळीत दिलेला असतो: एम ४२५० अश्वशक्ती, डी ५१८० अश्वशक्ती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे आवृत्तीचा आकडा वाढला की वस्तू नवी, आणि नवी म्हणजे (निदान मीटिंगमध्ये तरी) जास्त चांगली. इंजिनांच्या जगात हा नियम लागू पडत नाही. डी हे एमच्या नंतरचं नाही, एमची सुधारलेली आवृत्तीही नाही. ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न काय हे कळलं की लेहला जाणाऱ्या विमानात बसलेल्या जवानाच्या जिवाचा हिशोब कळतो.

आधी नाव. इथे एआय म्हणजे चॅटबॉट नव्हे. ही अलेक्सांद्र इवचेंको यांची आद्याक्षरं. त्यांची डिझाइन संस्था युक्रेनमधल्या झापोरिझियात होती. हे शहर तुम्हाला अणुऊर्जा प्रकल्पाच्या बातम्यांमुळे माहीत असेल. १९५०च्या दशकात सोव्हिएत संघाला चार इंजिनांची प्रवासी आणि मालवाहू विमानं हवी होती आणि त्यासाठी साधारण ४००० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप लागणार होतं. दोन संस्थांनी इंजिनं बनवली. कुझनेत्सोव्ह यांचं एनके-४ आणि इवचेंकोंचं एआय-२०. जुलै १९५७मध्ये इल्युशिन-१८ पहिल्यांदा उडालं ते एनके-४ घेऊनच. पण पुढे उत्पादनासाठी निवड झाली एआय-२०ची. इल्युशिन-१८, अँतोनोव्ह-१०, अँतोनोव्ह-१२ अशी मोठी कुटुंबं त्याच्यावर उभी राहिली. आपलं इल्युशिन-३८ हे इल्युशिन-१८चंच लष्करी भावंड.

आता हे यंत्र चालतं कसं, ते थोडं समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एआय-२०मध्ये एकच मुख्य दांडा आहे. पुढे दहा टप्प्यांचा कॉम्प्रेसर हवा दाबतो, मध्ये कड्यासारखं ज्वलनकक्ष, मागे तीन टप्प्यांची टर्बाइन. हे सगळं एकाच दांड्यावर फिरतं आणि तोच दांडा पुढे गिअरबॉक्समधून प्रोपेलर फिरवतो. कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि प्रोपेलर एकमेकांना दातांनी बांधलेले आहेत. उड्डाणात दांडा मिनिटाला १२,३०० फेरे घेतो. के आणि एम आवृत्त्यांत गिअरबॉक्स ते कमी करून प्रोपेलरला मिनिटाला सुमारे १०७५ फेरे देतो.

गंमत ही की पायलटने लिव्हर पुढे केली तरी हे आकडे बदलत नाहीत. इंधन वाढतं, टर्बाइन जोर लावते, आणि फेरे वाढायच्या आत प्रोपेलरची पाती आपला कोन बदलून जास्त हवा पकडतात. जास्त ताकद म्हणजे जास्त वेग नव्हे, जास्त मोठा घास. त्यामुळे या विमानांचा आवाज एकसुरी असतो. माझ्या आत्याचं घर वास्कोजवळ चिखलीला. तिथे मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी एक लांबलचक घूं ऐकू यायची आणि आत्या न बघता म्हणायची, "नेव्हीचं म्हातारं आलं." मोटारसायकलसारखा वर-खाली होणारा सूर त्यात नव्हता.

एका दांड्याच्या रचनेचा फायदा असा की ताकद जवळजवळ लगेच मिळते, कारण कॉम्प्रेसर आधीपासूनच पूर्ण वेगात असतो. फेरे स्थिर ठेवण्याच्या या स्वभावामुळेच याच घराण्याची एक शाखा जमिनीवरसुद्धा गेली. चाकांवरच्या कंटेनरमध्ये बसवलेलं पीएईएस-२५०० नावाचं २५०० किलोवॉटचं वीजघर एआय-२०वर चालतं. विजेची वारंवारता स्थिर ठेवायची तर फेरे स्थिर लागतात, आणि हे इंजिन जन्मजात तेच करतं.

तोटा मात्र भयानक आहे. समजा हवेत इंजिन बंद पडलं. समोरून येणारा वारा आता प्रोपेलरला फिरवतो, आणि प्रोपेलर गिअरबॉक्समधून तो अख्खा कॉम्प्रेसर ओढत बसतो. म्हणजे मेलेलं इंजिन नुसतं मदत थांबवत नाही, ते उलट विमानाला मागे खेचतं, तेही एका बाजूने. म्हणून या इंजिनांत असं संकट ओळखून पाती आपोआप वाऱ्याच्या रेषेत कडेने वळवण्याची सोय असते. त्याला फेदरिंग म्हणतात. ती यंत्रणा काही सेकंदांत चालली तर वैमानिकाला उरलेल्या इंजिनांचा विचार करता येतो.

उरलेली इंजिनं किती, हाच तो प्रश्न.

के आणि एम कुठे लागले ते पाहा. इल्युशिन-१८, अँतोनोव्ह-१०, अँतोनोव्ह-१२, इल्युशिन-३८. सगळी चार इंजिनांची. डी कुठे लागलं? अँतोनोव्ह-८, पाण्यावर उतरणारं बेरिएव्ह-१२, आणि अँतोनोव्ह-३२. सगळी दोन इंजिनांची. बेरिएव्ह-१२ १९६०मध्येच उडालं होतं, त्यामुळे डी हे काही एमच्या पाठीमागून आलेलं धाकटं भावंड नाही. दोघं जवळजवळ एका वयाची, वेगवेगळ्या घरी दिलेली. चौघांतला एक गेला तर पाऊण ताकद उरते. दोघांतला एक गेला तर निम्मी. ज्याच्या सोबतीला फक्त एकच भाऊ आहे त्याला मुळातच दणकट असावं लागतं.

मी हे आकड्यांत मांडून पाहिलं. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन आणि एकूण अश्वशक्ती घेतली, समुद्रसपाटीवरची. अँतोनोव्ह-१२: ४००० अश्वशक्तीची चार इंजिनं, ६१ टन. म्हणजे टनामागे २६२ अश्वशक्ती. एक इंजिन बंद धरलं तर १९७. इल्युशिन-३८: ४२५०ची चार, सुमारे ६४ टन. टनामागे साधारण २६५, एक बंद धरलं तर १९९. आता अँतोनोव्ह-३२: ५१८०ची दोन, २७ टन. टनामागे ३८४. आणि एक बंद धरलं तर? १९२.

१९७, १९९, १९२. तीन विमानं, दोन वेगळी अक्षरं, पण सगळ्यात वाईट क्षणी टनामागे उरणारी ताकद जवळपास सारखी. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. बेरिएव्ह-१२ मात्र या हिशोबात बसत नाही, ते ३६ टनांचं होतं आणि एका इंजिनावर त्याच्याकडे टनामागे १४४च उरत. पण ते पाण्यावर उतरू शकणारं विमान, समुद्रावर काम करणारं. डोंगरात उतरायला पाणी नसतं.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी. रशियन तक्त्यांतली अश्वशक्ती मेट्रिक असते, ७३५.५ वॉटची. इंग्रजी पुस्तकांतली ७४५.७ वॉटची. त्यामुळे तेच डी एका ठिकाणी ५१८० आणि दुसऱ्या ठिकाणी ५११०च्या आसपास दिसतं. शिवाय हा आकडा समतुल्य अश्वशक्तीचा असतो: प्रोपेलरला मिळणारी ताकद अधिक मागच्या नळीतून सुटणाऱ्या झोताचा थोडा धक्का. दोन तक्त्यांतून एकेक आकडा उचलून तुलना केली की माणूस हमखास फसतो. इंटरनेटवरची निम्मी भांडणं याच प्रकारची असतात.

आता डोंगराकडे जाऊ.

इंजिनाची अश्वशक्ती समुद्रसपाटीला, १५ अंश तापमानाला मोजतात. लेहचा विमानतळ ३२५६ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. उन्हाळ्यात पारा २५ अंशांवर गेला की हवेची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी घटते. इंजिनाला हवा कमी, प्रोपेलरला पकडायला हवा कमी, पंखाला उचलायला हवा कमी. तीन ठिकाणी एकदम पगारकपात. लेहची विमानं सकाळी लवकर का येतात-जातात याचं एक मोठं कारण हेच, दुपारी ऊनही वाढतं आणि वारेही. लष्करात असलेल्या माझ्या एका शाळासोबत्याने चंडीगडच्या ट्रान्झिट कॅम्पमधले दिवस सांगितले होते. पहाटे अंधारात उठायचं, सामान वजन करून द्यायचं, बाकावर बसून राहायचं, आणि दहा वाजता कुणीतरी येऊन सांगायचं की आज नाही. त्याच्या मते लडाखच्या पोस्टिंगमधला सगळ्यात लांब भाग हाच.

या हवेशी भारताचा एक मोठा सामना १९६२चा. सी-११९ पॅकेट ही अमेरिकी पिस्टन इंजिनांची विमानं तेव्हा लडाखमध्ये राबत होती. ताकद पुरेना म्हणून आपल्याकडे त्यांच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवण्यात आलं. दिसायला विचित्र, पण चाललं. त्याच वर्षी जुलैमध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी दौलत बेग ओल्डीला, ५०६५ मीटरवर, पॅकेट उतरवलं. आमच्या भाषेत याला हॉटफिक्स म्हणतात: मूळ रचना बदलायला वेळ नाही, म्हणून बाहेरून काहीतरी जोडा आणि काम चालू ठेवा.

अँतोनोव्ह-१२ हवाई दलात १९६१मध्ये आलं होतं. ऑक्टोबर १९६२मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, याच विमानांनी २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे चंडीगडहून चुशूलला नेऊन उतरवले. चुशूलची धावपट्टी ४३०० मीटरच्या घरातली. रणगाडा पोटात घालून इतक्या उंचीवर उतरायचं तर बाकी वजन कमी करावं लागतं, आणि त्यात सगळ्यात आधी नंबर लागतो इंधनाचा. चार एआय-२० होती म्हणून हे शक्य झालं. पॅकेटच्या बसकी ती गोष्टच नव्हती.

पण चार इंजिनं असली म्हणून डोंगर माफ करत नाही. ७ फेब्रुवारी १९६८ला चंडीगडहून लेहला निघालेलं अँतोनोव्ह-१२ खराब हवामानामुळे मागे फिरलं आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसं झालं. आत १०२ माणसं होती. २००३मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीत पहिले अवशेष सापडले. २०२४च्या शरदात, ५६ वर्षांनी, आणखी चौघांचे देह बर्फातून बाहेर काढण्यात आले. या अपघाताचा दोष इंजिनावर टाकण्यासारखं काही समोर आलेलं नाही. मी तो इथे सांगतोय कारण टनामागे किती अश्वशक्ती असे हिशोब करताना त्या टनांत काय असतं ते विसरायला होतं.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर मालवाहू विमानांत अँतोनोव्ह-२६चं नाव होतं. मागून उघडणारा रॅम्प, कच्च्या पट्टीवर उतरण्याची सवय, देखभाल सोपी. इंजिनं मात्र एआय-२४, प्रत्येकी २८२० अश्वशक्तीची. एआय-२४ हे त्याच संस्थेचं, एआय-२०चं लहान रूप म्हणता येईल असं. २४ टनांच्या विमानाला टनामागे २३५ अश्वशक्ती, आणि एक बंद पडलं तर ११७. सपाट मुलखात चालून जातं. उष्ण आणि उंच ठिकाणी नाही. अँतोनोव्हच्या लोकांनाही हे ठाऊक होतं, म्हणून अँतोनोव्ह-२६च्या उजव्या इंजिनाच्या घरट्यात मागे एक छोटं जेट इंजिन लपवलेलं असतं. उड्डाणाला जोर कमी पडला की ते मदतीला येतं. पुन्हा हॉटफिक्स. पॅकेटच्या पाठीवरचं इंजिन इथे फक्त नजरेआड केलं होतं.

मग अँतोनोव्ह-३२मध्ये त्यांनी जे केलं ते मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. जोडाजोड थांबवली आणि मूळ इंजिनच बदललं. विमानाचं शरीर जवळपास तेच, वजन २४वरून २७ टनांवर, पण पंखावर एआय-२४च्या जागी थेट एआय-२०डी. ताकद ८० टक्क्यांहून जास्त वाढली. ढोबळ हिशोबाने, लेहच्या उन्हाळ्यात डीने आपली ३५ टक्के ताकद गमावली असं धरलं तरी ३३००च्या वर अश्वशक्ती उरते. म्हणजे दमलेलं डी हे समुद्रकिनाऱ्यावरच्या ताज्यातवान्या एआय-२४पेक्षा भारी. ९ जुलै १९७६ला हे विमान पहिल्यांदा उडालं.

एवढं मोठं इंजिन लहान विमानाला लावणं म्हणजे नुसतं स्क्रू काढून दुसरं बसवणं नव्हे. ताकद हवेत उतरवायला मोठा प्रोपेलर लागतो. अँतोनोव्ह-२६चा ३.९ मीटर व्यासाचा होता, अँतोनोव्ह-३२चा ४.७ मीटर. जुन्या जागी तो लावला असता तर पाती विमानाच्या अंगाला आणि जमिनीला फार जवळ आली असती. म्हणून इंजिनं उचलून पंखाच्या वर बसवली. तुम्ही अँतोनोव्ह-३२चा फोटो पाहिला असेल तर त्याचे ते वर आलेले, खांदे उडवल्यासारखे दिसणारे पंख आठवतील. ते रूप सौंदर्यासाठी नाही, प्रोपेलरच्या त्या वाढलेल्या ८० सेंटिमीटरसाठी आहे. एका बाजूचं इंजिन गेल्यावर दुसऱ्या बाजूचा वाढलेला ओढा सावरायला शेपटीकडेही बदल करावे लागले. शिवाय उंचावर, जिथे कुणी बॅटरीगाडी घेऊन उभं नाही, तिथे इंजिन सुरू करायला टीजी-१६एम नावाचं छोटं टर्बाइन सोबत दिलं. ४५०० मीटरपर्यंतच्या धावपट्ट्या हे त्या रचनेचं लक्ष्य होतं. एक अक्षर बदललं आणि मागोमाग अर्धं विमान बदललं. कोडमध्ये एक लायब्ररी बदलल्यावर शनिवार-रविवार गेलेल्या कुणालाही ही साखळी ओळखीची वाटेल.

या विमानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भारतच ठरला. १९८४पासून शंभराहून जास्त विमानं आपल्याकडे आली. चंडीगड, आग्रा, जोरहाट. लडाखमधली रसद, अरुणाचलातल्या छोट्या पट्ट्या, पॅराशूट उड्या, पुरात मदत. सी-१७ आणि सी-१३०जे खूप नंतर आली. तीन दशकं उत्तरेच्या आणि ईशान्येच्या चौक्यांत पोचलेल्या पिठाच्या, रॉकेलच्या, औषधांच्या मोठ्या वाट्यामागे या दोन डी इंजिनांची घूं होती.

३१ मे २००८ला तिने आपली कागदावरची हद्द ओलांडली. दौलत बेग ओल्डीची पट्टी चार दशकांहून जास्त काळ ओस होती. त्या दिवशी एक अँतोनोव्ह-३२ तिथे उतरलं. विमानात पश्चिम हवाई कमांडचे प्रमुख एअर मार्शल प्रणव कुमार बार्बोरा स्वतः होते. वरून लेखी परवानगी मागितलीच नव्हती, हे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितलं. मागितली असती तर नकार आला असता, कारण पूर्वी तसंच झालं होतं. ५०६५ मीटरवर हवेची घनता गोठणबिंदूच्या तापमानालाही समुद्रसपाटीच्या ५६ टक्क्यांच्या आसपास असते. आणि ४५०० मीटरची जी मर्यादा धरून विमान बनवलं होतं, तिच्याही अर्धा किलोमीटर वर हे ठिकाण. तिथे चालू इंजिन बंद करणं हीसुद्धा जोखीम, कारण ते परत सुरू होईल याची हमी कोण देणार? २०१३च्या ऑगस्टमध्ये त्याच पट्टीवर सी-१३०जे उतरलं तेव्हा त्याचे फोटो सगळीकडे झळकले. अँतोनोव्हच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही. सी-१३०जेला चार इंजिनं आहेत, हे त्या कौतुकात कुणी फारसं मोजलं नाही.

सीमेपलीकडची गोष्टही सांगायला हवी. चीनने अँतोनोव्ह-१२वरून वाय-८ हे विमान बनवलं आणि त्याला लावलेलं डब्ल्यूजे-६ हे इंजिन एआय-२०वरूनच घेतलेलं आहे. पुढच्या वाय-९वरही त्याच इंजिनाची सुधारलेली आवृत्ती आहे. म्हणजे प्रत्यक्ष ताबारेषेच्या दोन्ही बाजूंना रसद वाहणाऱ्या विमानांत इवचेंकोंच्याच टेबलावरच्या रेघा फिरत आल्या. फरक असा की चीनने इंजिनाचं उत्पादन आपल्या घरी नेलं. आपण विमानाची दुरुस्ती घरी आणली, इंजिनाचं मूळ झापोरिझियातच राहिलं.

या फरकाची किंमत २०१४नंतर दिसू लागली. २००९मध्ये भारताने युक्रेनशी करार केला होता: शंभरावर विमानांचं आधुनिकीकरण, त्यातली ४० युक्रेनमध्ये आणि बाकीची कानपूरच्या हवाई दलाच्या दुरुस्ती केंद्रात. क्रिमियानंतर सगळंच बिनसलं. रशिया आणि युक्रेनमधली सुट्या भागांची जुनी साखळी तुटली. आपली काही विमानं तिथेच अडकल्याच्या बातम्या २०१५मध्ये आल्या, कानपूरचं काम रेंगाळलं. २०२२पासून तर झापोरिझिया युद्धाच्या तोंडाशीच आहे. सोव्हिएत काळात एकाच देशात असलेला कारखाना आज वेगळ्या, होरपळलेल्या देशात आहे, आणि आपण इंजिन विकत घेतलं तेव्हा हा नकाशा अस्तित्वातच नव्हता. अक्षरांचा प्रश्न इथे पुन्हा येतो. नौदलाची इल्युशिनं निवृत्त झाली, तेव्हा त्यांची एम इंजिनं मोकळी झाली असतील, पण ती उचलून अँतोनोव्हला लावता येत नाहीत. घराणं एक असलं तरी डीची जागा एम घेऊ शकत नाही. ९३० अश्वशक्तींची तूट दोन इंजिनांच्या विमानाला परवडत नाही.

अपघातांबद्दल घाईने बोलू नये असं मला वाटतं. २२ जुलै २०१६ला तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं अँतोनोव्ह-३२ बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह बेपत्ता झालं. अवशेषांचे फोटो मिळाले ते जानेवारी २०२४मध्ये, समुद्रात ३४०० मीटर खोल. ३ जून २०१९ला जोरहाटहून मेचुकाला जाणारं विमान अरुणाचलच्या डोंगरात कोसळलं, १३ जण गेले. दोन्ही वेळा टीव्हीवर 'उडती शवपेटी' वगैरे सुरू झालं. पण जुनं विमान आणि कमजोर विमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ढगांनी भरलेल्या अरुंद दरीत इंजिनात किती अश्वशक्ती आहे याला मर्यादित अर्थ असतो. तिथे दिसणं महत्त्वाचं, नकाशा महत्त्वाचा, आणि विमान कुठे आहे ते खालच्या माणसांना कळवणारं यंत्र महत्त्वाचं.

डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने जट्रोफाच्या बियांपासून विमानाचं इंधन बनवलं, तेव्हा हवाई दलाने चाचणीसाठी हेच विमान निवडलं. डिसेंबर २०१८मध्ये चंडीगडहून पहिलं उड्डाण झालं, आणि ३१ जानेवारी २०२०ला दोन्ही इंजिनांत १० टक्के जैवइंधन घालून एक अँतोनोव्ह-३२ लेहला उतरलं. जानेवारीतलं लेह, म्हणजे ज्या थंडीत साधं डिझेल गोठतं. अशा ठिकाणी नवं इंधन पहिल्यांदा घालायचं तर इंजिन असं हवं, ज्याच्या सवयी आपल्या तंत्रज्ञांना पाठ आहेत.